एंटरप्राइज, १:५०० : लाकडी प्रतिकृतीच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

बाबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला आज पाच आठवडे झाले. फिजिओथेरपीचे व्यायाम करतात, पण उरलेला दिवस पडवीत खुर्चीवर बसून गडग्याकडे बघत राहतात. चाळीस वर्षं मुंबईच्या नौदल गोदीत पॅटर्न मेकर (धातूच्या ओतकामासाठी लाकडी नमुने घडवणारा) म्हणून ज्याने लाकूड घडवलं, त्याला रिकामे हात सहन होत नाहीत. मागच्या खोपीत त्यांचा लेथ आहे, निवृत्तीनंतर त्यांनी तो सावंतवाडीला आणवला. मी इथे फेब्रुवारीअखेरपर्यंत आहे. म्हणून ठरवलं की कित्येक वर्षं मनात असलेलं काम आता काढायचं. लेथवर उभी राहीन मी, खुर्चीवरून शिकवतील ते.

काम असं: 'स्टार ट्रेक' या मालिकेतलं मूळ अंतराळजहाज, यूएसएस एंटरप्राइज, नोंदणी क्रमांक एनसीसी-१७०१, पूर्णपणे लाकडात. लहानपणी दूरदर्शनवर पाहिलं तेव्हापासून हे जहाज माझ्या वहीच्या शेवटच्या पानांवर असायचं. प्लॅस्टिकचे तयार संच मिळतात, पण पडद्यावर दिसलं ते मूळ जहाजही बऱ्याच अंशी लाकडाचंच होतं. तेव्हा लाकूडच योग्य.

बाबांना नाव सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "एंटरप्राइज? ह्या नाव आमच्या घरात?"

का, ते मला माहीत आहे. त्याची नोंद नंतर करीन.

१३ नोव्हेंबर

मापं काढली. कल्पनेतल्या जहाजाची लांबी ९४७ फूट, म्हणजे साधारण २८९ मीटर. पुढची तबकडी ४१७ फूट व्यासाची. तिच्याखाली मागच्या बाजूला सिगारसारखा मुख्य सांगाडा, ३४० फूट लांब आणि ११२ फूट जाड. वर दोन लांब नळकांडी, त्यांत इंजिनं, प्रत्येकी ५०४ फूट लांब आणि ६० फूट जाड. १:५०० केल्यावर एकूण लांबी ५७.७ सेंमी, तबकडी २५.४, सांगाडा २०.७, नळकांडी ३०.७. लेथवर ३० सेंमी व्यासाचं काम बसतं, त्यामुळे तबकडीही इथेच होईल.

बाबांनी कागद उलटसुलट करून पाहिला. पहिलाच प्रश्न कारागिराचा: "मशीन भायर आणि माणसा आत. बिघाड झालो तर दुरुस्त कोण करतलो?"

यावर मी तासभर बोलले, कारण या जहाजाचं सगळं मर्म याच प्रश्नात आहे. आराखडा मॅट जेफरीज यांचा, १९६४ सालचा. ते दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर विमानांवर काम केलेले, स्वतः विमान चालवणारे. मालिकेचे कर्ते जीन रॉडनबेरी हेही युद्धात बी-१७ चे वैमानिक. रॉडनबेरींनी जेफरीजना काय हवं ते फारसं सांगितलं नाही, काय नको ते सांगितलं: पंख नकोत, रॉकेट नकोत, मागे ज्वाळा नकोत. जेफरीजनी विचार केला की एवढा वेग देणारी इंजिनं अतिशय धोकादायक असणार, म्हणून ती माणसांपासून लांब, खांबांवर. आणि निर्वात पोकळीत कुणी बाहेर लोंबकळत पाना फिरवणार नाही, म्हणून दुरुस्तीची प्रत्येक गोष्ट आतून हाताशी यायला हवी. बाहेरची कातडी गुळगुळीत आहे ती यामुळे. पुढच्या काळातल्या अनेक काल्पनिक यानांवर जिकडेतिकडे पाइप आणि खटके दिसतात, इथे नाहीत. मालिकेत कर्मचारी ज्या अरुंद बोगद्यांत शिरून दुरुस्ती करतात त्यांना पुढे जेफरीज यांचंच नाव मिळालं.

बाबा म्हणाले, "मगे ठीक असा." काम मंजूर झालं, असं मी धरते.

१७ नोव्हेंबर, रविवार

लाकूड: शिवण. हलकं, कातायला मऊ, सुकल्यावर वाकत नाही. शेजारच्या वाडीत घर पाडलं तिथून जुन्या फळ्या मिळाल्या, चांगल्या मुरलेल्या. नळकांड्यांसाठी बाबांकडे सागाचे दोन तुकडे होते, ते घ्यायचं ठरलं.

तबकडी एका अखंड फळीतून काढायची नाही, ही पहिली शिकवण. अखंड फळी पावसाळ्यात एका दिशेने फुगते आणि गोलाचा लंबगोल होतो. पॅटर्न शॉपमध्ये, म्हणजे गोदीतल्या त्यांच्या कार्यशाळेत, मोठी चाकं, पुली, पंपाची आवरणं बनवताना बारा पाकळ्या कापून गोल जुळवतात, त्यावर दुसरा थर असा लावतात की खालचा सांधा वरच्या पाकळीच्या मधोमध यावा. गवंडी विटा लावतो तसंच. तीन थर केले. छत्तीस पाकळ्या रंध्याने साफ करून, गुण्या लावून, फेविकॉलने चिकटवून शिकंज्यात घट्ट केल्या. दोन दिवस हात लावायचा नाही.

२० नोव्हेंबर

तबकडी लेथच्या फेसप्लेटवर चढवली. पहिला तासभर नुसती भीती. गोल पटाशी लाकडात अडकली की मनगट झटकतं. बाबा खुर्चीवरून आवाजावरून ओळखतात: "हात हलको ठेव. खुट खुट वाजता मा, म्हणजे तू जोर करतंस." संध्याकाळी आवाज एकसारखा यायला लागला. खाली भुसा गुडघाभर.

जेफरीजनी आधी पुढच्या भागासाठी गोळा काढला होता, मग तो चपटा करत करत तबकडी झाली. कातताना हे हाताला कळतं. कडेकडे पातळ होत जाणारी ही चकती खालून किंचित खोलगट आहे, वर मधे उंचवटा, उंचवट्यावर छोटा घुमट. त्या घुमटात जहाजाचा ब्रिज, म्हणजे जिथून ते चालवतात ती जागा. माझ्या मापात तो घुमट हरभऱ्याएवढा.

२४ नोव्हेंबर, रविवार

तबकडीची वरची बाजू पूर्ण. पत्र्याचा साचा लावून पाहिला, कुठेही अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त फट नाही. बाबांनी अंगठा फिरवला, काही बोलले नाहीत. त्यांच्या गप्प राहण्याचा अर्थ मला लहानपणापासून कळतो.

१ डिसेंबर, रविवार

सांगाडा कातून झाला. नळकांडी सुरू.

नळकांड्यांची पद्धत खास पॅटर्न मेकरची. आत पुढे दिवे बसवायचे आहेत म्हणून पोकळ हवीत. त्यासाठी प्रत्येक नळकांड्याचे आधीच दोन उभे भाग घ्यायचे आणि मधे वर्तमानपत्राचा कागद घालून चिकटवायचे. कातताना ते एकच लाकूड असल्यासारखे राहतात, नंतर सांध्यावर पटाशी ठेवून हलकी टिचकी मारली की कागदावर सरळ उकलतात. ओतकामासाठी दोन भागांचे पॅटर्न असेच करतात. आमच्या कागदावर रविवारच्या पुरवणीतलं शब्दकोडं आहे.

४ डिसेंबर, नौदल दिन

आज काम केलं नाही. बाबांनी सकाळी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि दूरदर्शनसमोर बसले. गेल्या वर्षी हा सोहळा इथेच झाला, मालवणात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या साक्षीने. तेव्हा ते स्वतः किनाऱ्यावर गेले होते.

एंटरप्राइज या नावाची गोष्ट आज लिहिते.

१९७१ मध्ये बाबा गोदीत अप्रेंटिस होते, तेवीस वर्षांचे. डिसेंबरात मुंबईत ब्लॅकआउट, काचांना काळे कागद, शॉपमध्ये रात्रपाळ्या. युद्ध संपायला आलं असताना बातमी आली की अमेरिकेचं सातवं आरमार बंगालच्या उपसागराकडे निघालंय आणि त्याच्या अग्रभागी एंटरप्राइज आहे. जगातली पहिली अणुशक्तीवर चालणारी विमानवाहू नौका, १९६१ साली सेवेत आलेली, आठ अणुभट्ट्या, ३४२ मीटर लांब. आपल्याकडे तिकडच्या समुद्रात होती विक्रांत, २१३ मीटरची, तीही एका बॉयलरला तडा गेलेला असताना लढणारी. बाबा म्हणतात, त्या आठवड्यात शॉपमध्ये कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली आणि त्या नौकेने काही करायच्या आत सगळं संपलं. पण नाव त्यांच्या डोक्यात रुतलं ते रुतलंच.

आणि पाच वर्षं आधी, १९६६ मध्ये, त्याच नावाचं जहाज टीव्हीवर आलं होतं. नाव घेतलं गेलं ते अमेरिकी नौदलाच्या परंपरेतूनच. रॉडनबेरींच्या पहिल्या टिपणात जहाजाचं नाव यॉर्कटाउन होतं, तेही विमानवाहू नौकेचंच, मग ते बदललं. म्हणजे बाबांची एंटरप्राइज आणि माझी एंटरप्राइज एकाच घराण्यातल्या. मजेची गोष्ट अशी की खरी नौका काल्पनिक जहाजापेक्षा त्रेपन्न मीटरनी लांब.

मी बाबांना विचारलं, मग करायचं की सोडायचं? ते म्हणाले, "बोटीचो काय दोष? बोट घडवणाऱ्याक कोण विचारता, खंय न्हेवची ती?"

८ डिसेंबर, रविवार

चूक झाली. दोन्ही नळकांडी ३१.० सेंमी भरली, हवी होती ३०.७.

कारण सापडायला अर्धा दिवस गेला. मी बाबांच्या पेटीतली पितळी पट्टी वापरली होती. ती साधी पट्टी नव्हे. ओतीव लोखंड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढाच मोठा करावा लागतो. प्रत्येक वेळी हिशोब नको म्हणून पॅटर्न मेकरच्या पट्टीवरचे आकडेच एक टक्का ताणलेले असतात. तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा एक अष्टमांश इंचाने मोठा. माझं लाकूड कुठल्याही भट्टीत ओतलं जाणार नव्हतं, तरी मी त्याला आकसायला जागा ठेवली.

बाबांनी पट्टी हातात घेतली आणि बराच वेळ घासून पुसली. म्हणाले, पंपाच्या आवरणांपासून प्रॉपेलरच्या पात्यांपर्यंत सगळं हिच्यावर मोजलं. तांब्या-पितळेसाठी दुसरी पट्टी होती, तिचं आकसणं आणखी जास्त. ती कुणीतरी नेली.

नळकांड्यांची मागची टोकं तीन-तीन मिलिमीटर छाटली. निस्तरलं.

१५ डिसेंबर, रविवार

सगळे भाग कोरडेच जोडून पाहिले, गोंद न लावता, पितळी खुंट्यांवर. तबकडी, मान, सांगाडा, दोन खांब, दोन नळकांडी. पहिल्यांदा जहाज दिसलं. आईने आतून येऊन पाहिलं आणि म्हणाली, पळी आणि दोन लाटणी. मला ते आवडलं, कारण आकार दुरून ओळखता यावा हाच जेफरीज यांचा हेतू होता. पडद्यावर क्षणभर दिसलं तरी प्रेक्षकाला कळावं, हे ते जहाज.

सुतळीने आढ्याला टांगलं. सोडल्याबरोबर गर्रकन फिरून उलटं झालं, नळकांडी खाली, तबकडी वर.

सागाचं वजन. आणि नेमकं हेच १९६४ मध्ये जेफरीज यांचं झालं होतं. त्यांनी रॉडनबेरींना दाखवायला हलक्या बाल्सा लाकडाचा छोटा नमुना केला, नळकांड्यांना मात्र बर्च लाकडाच्या काठ्या लावल्या. त्या जड, त्यामुळे दोऱ्यावर टांगलेला नमुना उलटा लोंबकळू लागला. रॉडनबेरींना तो तसाच आवडला आणि त्यांचं मन वळवायला जेफरीजना खटपट करावी लागली. साठ वर्षांनी तीच चूक तशीच आमच्या खोपीत झाली याचा मला फार आनंद झाला, आणि बाबांना ही हकिकत सांगितल्यावर तेही गुडघा विसरून उठायला निघाले.

उपाय ठरलेलाच आहे: नळकांडी उकलून पोकळ करायची.

२२ डिसेंबर, रविवार

नळकांडी उकलली. टिचकी बाबांनी मारली. कागदावर स्वच्छ दोन भाग, एकावर शब्दकोड्याचे चौकोन उलटे उमटलेले. आतून गोल पटाशीने कोरून भिंत चार मिलिमीटरवर आणली. पुन्हा जोडून टांगलं. सरळ राहिलं.

२९ डिसेंबर, रविवार

आज मुद्दाम नोंद. चित्रीकरणाचा मोठा नमुना १९६४ मध्ये याच तारखेला तयार होऊन स्टुडिओच्या हाती आला होता. बरोबर साठ वर्षं.

हा नमुना साधारण अकरा फूट लांब, तबकडी पाच फुटांची, वजन सुमारे दोनशे पौंड. पॉपलरचं लाकूड, तापवून साच्यावर ओढलेलं प्लॅस्टिक आणि वळवलेला पत्रा. रिचर्ड डेटिन यांनी आधी ३३ इंचांचा छोटा लाकडी नमुना केला, मग त्यांच्या देखरेखीखाली कॅलिफोर्नियातल्या बरबँकच्या एका कार्यशाळेत मोठा घडला. पहिल्या पथदर्शी भागात त्यात दिवे नव्हते, नळकांड्यांची पुढची टोकं भरीव लाकडाची आणि त्यांवर टोकदार सुया. पुढे टप्प्याटप्प्याने दिवे आले. मालिका सुरू होताना त्या टोकांवर अर्धपारदर्शक घुमट बसवले, आत मोटरीवर फिरणारी पाती आणि नाताळच्या झाडाला लावतात तसे रंगीत दिवे.

आता वायरी कुठून काढायच्या? त्यांनी डाव्या बाजूने काढल्या. डाव्या अंगाला भोकं पाडली, वायरींचे जुडगे तिथून बाहेर, आणि कॅमेरा कायम उजवीकडे. त्यामुळे डाव्या बाजूला खिडक्या, अक्षरं वगैरे पूर्ण केलीच नाहीत. तीन वर्षं जगाने पाहिलेल्या जहाजाला एकच बाजू होती.

हे ऐकून बाबा अस्वस्थ झाले. मी म्हणाले की मी पण तसंच करणार आहे, डावी बाजू मोकळी. ते म्हणाले, "अर्धवट काम आमच्या शॉपातसून कधी भायर गेला नाय."

रात्रीपर्यंत वाद. माझं म्हणणं, त्या माणसांनी जे घडवलं त्याची ही प्रतिकृती आहे. त्यांचं म्हणणं, जहाज करतेस तर जहाज कर, दोन्ही बाजूंनी समुद्र लागतो त्याला. दोघांचंही बरोबर आहे आणि मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

५ जानेवारी २०२५, रविवार

लांबी (पुट्टी) भरली, घासलं, पुन्हा भरलं. लिहिण्यासारखं काही नाही.

१२ जानेवारी, रविवार

प्रायमरचे दोन हात. वाळेपर्यंत बाबांना जहाजाचा सेवाकाळ सांगितला. ते गोदीतले, त्यांना प्रत्येक जहाजाचं सर्व्हिस रेकॉर्ड हवं असतं: कधी उतरलं, कोणी चालवलं, किती वेळा गोदीत आलं.

कथेप्रमाणे जहाजाचे भाग सॅन फ्रान्सिस्कोच्या नौदल कारखान्यात तयार झाले आणि जुळणी अंतराळात. वजन एक लाख नव्वद हजार टन, ग्रहावर उतरण्यासाठी घडवलेलंच नाही. (प्रत्येक भागात एवढं मोठं जहाज उतरवून दाखवायचं तर खर्च झेपला नसता, म्हणून माणसांना किरणांतून खाली पाठवणारं यंत्र आलं. मला हे फार मोलाचं वाटतं: पैशाची तंगी होती म्हणून कथेतली सर्वांत लक्षात राहणारी वस्तू जन्मली.) सेवेत आलं २२४५ साली. पहिले कप्तान रॉबर्ट एप्रिल, मग ख्रिस्तोफर पाइक, त्यांच्या वेळी २०३ माणसं. मग जेम्स कर्क, ४३० माणसं आणि २२६५ ते २२७० अशी पाच वर्षांची मोहीम. मग दीड वर्ष गोदीत, जवळजवळ सगळंच नवं: गोल नळकांड्यांच्या जागी चपटी. १९७९ च्या चित्रपटात दिसतं ते हे रूप, ३०५ मीटर.

आणि शेवट १९८४ च्या तिसऱ्या चित्रपटात. वरिष्ठ सांगतात की हे जहाज आता जुनं झालं, निवृत्त करायचं. कर्क ते मित्रासाठी पळवून नेतो, आणि शत्रूच्या हाती पडू नये म्हणून स्वतःच उद्ध्वस्त करतो. जळत जळत ते एका ग्रहाच्या वातावरणातून खाली जातं आणि कर्क जमिनीवरून बघत राहतो.

इथे बाबांनी मला थांबवलं. पाणी मागितलं.

२०१४ च्या अखेरीस विक्रांत दारूखान्यात, मुंबईतल्या जहाजं तोडायच्या जागी, तोडायला घेतली होती. १९९७ मध्ये निवृत्त झाली, मग काही वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, बाबा मला आणि माझ्या मुलाला तिथे घेऊन गेले होते. तोडकाम सुरू झाल्यावर ते डोंबिवलीहून लोकलने एकटेच दारूखान्यापर्यंत गेले, आईला बाजारात जातो सांगून. हे मला आज कळलं, दहा वर्षांनी. ते म्हणाले, "गॅस कटरचो वास वळखीचो होतो. आमीच तो वास घेवन जगलव."

आज पुढे काम झालं नाही.

१९ जानेवारी, रविवार

रंग. मूळ रंगाबद्दल खूप वाद झाले आहेत, कारण मोठ्या नमुन्याची स्वतःचीच सेवा फार खडतर. मालिका १९६९ मध्ये बंद पडली. नमुना पेटीत गेला. १९७४ मध्ये तो वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला दिला. तिथे १९७४, १९८४ आणि १९९१ असा तीनदा दुरुस्त केला, प्रत्येक वेळी कुणीतरी नवा रंग चढवला. १९९१ च्या कामात पत्र्यांच्या जोडांच्या रेषा एवढ्या गडद रंगवल्या की जुन्या चाहत्यांना ओळखू येईना. नंतर बरीच वर्षं तो संग्रहालयाच्या दुकानात एका काचपेटीत होता. अखेर शेवटची मोठी दुरुस्ती झाली: क्ष-किरणांनी आतला सांगाडा पाहिला, रंगाचे थर एकेक करून उतरवून तपासले. तबकडीची वरची बाजू मात्र एवढ्या सगळ्यात कुणी रंगवली नव्हती, तिथे साठच्या दशकातला मूळ रंग शिल्लक होता. त्यावरून बाकी जहाज जुळवलं. ठरवलं की ऑगस्ट १९६७ मध्ये जसं दिसत होतं तसं करायचं, कारण चित्रीकरणासाठी केलेले शेवटचे बदल तेव्हाचे. १ जुलै २०१६ रोजी, संग्रहालयाच्या चाळिसाव्या वाढदिवशी, ते मुख्य दालनात मांडलं.

रंग म्हणजे किंचित हिरवट छटेचा राखाडी. मी पांढऱ्यात काळा आणि चिमूटभर हिरवा घालत सात नमुने केले. बाबांनी डोळे बारीक करून पाचवा उचलला: "ह्यो. फ्रिगेटचो रंग उन्हात असो दिसता."

तबकडीवर रेषा पेन्सिलने ओढल्या, मूळ नमुन्यावरही पेन्सिलनेच होत्या. एच-चा कठीण शिसा, हलका हात.

२६ जानेवारी, रविवार

अक्षरं आणि आकडे. एनसीसी-१७०१ कसं आलं? अमेरिकी नागरी विमानांवर पूर्वी 'एनसी' असायचं, सोव्हिएत विमानांच्या खुणेत 'सी' वारंवार येई. जेफरीजनी दोन्ही एकत्र केले, कारण अंतराळात मोठं काही करायचं तर सगळ्यांनी मिळूनच करावं लागेल असं त्यांचं मत. शीतयुद्धाच्या ऐन भरात एका अमेरिकी माणसाने जहाजाच्या कपाळावर हे लिहिलं. आणि आकडे निवडताना ३, ६, ८, ९ टाळले, लांबून एकमेकांसारखे दिसतात म्हणून. बाबांनी लगेच मान डोलावली, पॅटर्नवरचे नंबर पुसट झाले की ६ आणि ८ चा घोळ त्यांनी जन्मभर निस्तरलाय.

त्यांनी आज विचारलं, फ्लॅगशिप म्हणतेस, मग ॲडमिरल कुठे बसतो? प्रश्न रास्त आहे. ध्वजनौका म्हणजे जिच्यावर ताफ्याच्या प्रमुखाचा झेंडा. तो जिथे जाईल तिथे मान जातो. १९७१ मध्ये पूर्व ताफ्याचा झेंडा विक्रांतवर होता, पश्चिम ताफ्याचा म्हैसूर या नौकेवर. या जहाजावर ॲडमिरल कधीमधीच येतो. साठच्या दशकातल्या मालिकेत ते बारा-तेरा सारख्या जहाजांपैकी एक होतं. 'ताफ्याची ध्वजनौका' हा मान ठळकपणे मिळाला तो १९८७ च्या पुढच्या मालिकेतल्या चौथ्या वारसदाराला, एंटरप्राइज-डी ला, ६४२ मीटर लांब, हजारावर माणसं, त्यांत मुलंबाळंही. तिचा आराखडा अँड्र्यू प्रोबर्ट यांचा. पण तो मान कमावला होता जुन्या जहाजाने, असं मला वाटतं. नाव पुढे जातं तेव्हा आधीची सगळी सेवा त्याच्याबरोबर जाते. २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत नवी विक्रांत सेवेत आली तेव्हा बाबांनी टीव्हीपुढे उभं राहून सलाम केला, तो दोघींना होता.

नाव कल्पनेतून परत वास्तवातही आलं. अमेरिकेच्या पहिल्या स्पेस शटलला 'कॉन्स्टिट्यूशन' म्हणायचं ठरलं होतं. चाहत्यांनी राष्ट्राध्यक्षांना पत्रांचा पाऊस पाडला आणि १७ सप्टेंबर १९७६ ला ते 'एंटरप्राइज' म्हणून बाहेर आलं, मालिकेतले कलाकार समोर उभे होते. ते शटल फक्त वातावरणात उतरण्याच्या चाचण्यांसाठी होतं, अंतराळात कधी गेलंच नाही. गंमत म्हणजे मालिकेतल्या जहाजाचा वर्ग 'कॉन्स्टिट्यूशन'च.

२ फेब्रुवारी, रविवार

दिवे. प्रत्येक घुमटात पाच एलईडी, नारिंगी, लाल, एक निळा. मोटर बसवायला जागा नाही, म्हणून अर्डुइनो या छोट्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या सर्किटवरून आळीपाळीने पेटवते, प्रकाश गोल फिरल्यासारखा दिसतो. घुमट दुधी ॲक्रिलिकचे, ओव्हनमध्ये मऊ करून लाकडी साच्यावर दाबले. पहिले चार फुकट गेले.

रात्री खोपीतला बल्ब बंद करून पहिल्यांदा लावले. बाबा म्हणाले, परत लाव. सहा वेळा लावले.

९ फेब्रुवारी, रविवार

डाव्या बाजूचा वाद मिटला, तो अनपेक्षित रीतीने.

मी त्यांना ३३ इंची छोट्या नमुन्याची हकिकत सांगत होते. रॉडनबेरी तो आपल्या टेबलावर ठेवत. सत्तरच्या दशकाच्या अखेरीला पहिल्या चित्रपटाच्या वेळी कुणाला तरी बघायला दिला, तो परत आलाच नाही. २०२३ च्या शरदात तो ऑनलाइन विक्रीच्या यादीत अचानक दिसला. जाणकारांनी तपासून तोच असल्याची खात्री केली आणि एप्रिल २०२४ मध्ये तो रॉडनबेरींच्या मुलाकडे परतला. साधारण पंचेचाळीस वर्षांनी.

बाबांनी विचारलं, ओळखला कशावरून? मी म्हणाले, लाकडावरून, सांध्यांवरून, घडवणाऱ्याच्या हाताच्या खुणांवरून.

मग ते म्हणाले, डावी बाजू रंगवूच नको. राखाडी पण नको. शिवणीचं लाकूड उघडं ठेव, सगळ्या पाकळ्यांचे सांधे दिसू देत, वर फक्त शेलॅक (लाखेचं पॉलिश). वायरींची भोकं असू देत, पण भोकांच्या कडा साफ हव्यात. ते अर्धवट काम नव्हे, ते कसं केलं ते दाखवणारं काम. आमच्याकडेही पॅटर्नची आतली बाजू अशीच असायची, म्हणाले, पुढचा माणूस दुरुस्त करायला घेईल तेव्हा त्याला कळायला हवं.

डावीकडचा प्रायमर आणि रंग दोन दिवस घासून उतरवते आहे. बोटांची सालटी निघाली. सांधे छान दिसायला लागलेत.

१६ फेब्रुवारी, रविवार

बाबा आज काठीशिवाय खोपीपर्यंत आले आणि पहिल्यांदा लेथसमोर उभे राहिले. दहा मिनिटं. पुढच्या तबकासारख्या अँटेनाची वाटी त्यांनी स्वतः कातली, सागाच्या उरलेल्या तुकड्यातून, दोन सेंटिमीटरची. मी तिला तांब्याचा रंग दिला.

शेलॅकचे तीन हात झाले. शिवणीचा पिवळसर रंग राखाडीच्या कडेला लागून येतो तिथे रेघ अगदी सरळ हवी, ती अजून मनासारखी नाही. मास्किंग टेप काढताना एका ठिकाणी रंग उचकटला.

२३ फेब्रुवारी, रविवार

रेघ झाली. डाव्या बाजूला, सांगाड्याच्या मागच्या टोकाशी, बाबांनी पेन्सिलने पॅटर्न नंबर घातला, जसा गोदीत घालत: वर्ष, क्रमांक १, माझी आद्याक्षरं. स्वतःची घातली नाहीत. मी पेन्सिल त्यांच्या हातात परत दिली, तेव्हा घातली.

वायरींच्या भोकांना पितळी कड्या बसवायच्या राहिल्यात. गुरुवारी मी निघते, त्याआधी बसवायच्या. पडवीतल्या तुळईला हूक बाबांनी आजच ठोकून ठेवला आहे.